वरणाशी बोलणारे आचारी

लेकीच्या लग्नात जेवायला बसायच्या पट्ट्या मी कमी आणल्या. काकांनी लगेच मार्ग काढला, "वाडीत कामाला येणारी कैनाड गावची माणसं नंतर बसतील, मागे चिकूखाली."

आमचे आचारी नरपड गावचे. एरवी ते माणसांपेक्षा वरणाशी जास्त बोलतात, "उकळ गं बाई, पाव्हणे आले." काकांचं ऐकून पळी खाली ठेवून ते पालथ्या घमेल्यावर बसले.

"शेठ, वेगळी पंगत मी वाढत नाही. सगळे बसले की हाक मारा."

"अरे, जावई उपाशी आहे!" काका ओरडले.

"मग लवकर बसवा की."

मी यजमान, म्हणून नुसता घाम पुसला. शेवटी सगळ्यांची एकच पंगत बसली; पट्ट्या पुरेनात, तेव्हा काकाच कैनाडच्या एका आजोबांशेजारी मातीत बसले. आचाऱ्यांनी पहिला भात त्या दोघांना वाढला. छाती मात्र माझी फुगली, जणू मीच हे घडवलं.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "नातवंडाच्या बारशाला हेच आचारी. आत्ताच सांगून ठेवा."