कागदी मोटारीचा ड्रायव्हर

मियाओ ग्वेईफेनबाईंनी लोयांग शहरात जन्मभर सरकारी बस चालवली आणि जन्मभर नवऱ्याची बडबड ऐकली. स्वतःला धड सायकलही न येणारे म्हातारबुवा सुट्टी असली की त्यांच्या मागच्याच सीटवर ठाण मांडायचे आणि "ब्रेक, अगं ब्रेक लाव!" म्हणून सगळ्या बसचं डोकं उठवायचे.

ते वारले. पितरांच्या सणाला, छिंगमिंगला, बाईंनी थडग्यापाशी त्यांच्यासाठी कागदाची झोकदार काळी मोटार जाळली. जाळलेली वस्तू पितरांना मिळते, तेव्हा पोचली असणारच तिकडे. बाई निर्धास्त झाल्या.

यंदाचा सण तोंडावर आला तेव्हा नणंद शुलिंग त्यांना जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. आत न्यायचं पेय धोक्याचं नाही ना हे बघायला दारावरच्या पहारेकऱ्याने रिवाजाप्रमाणे थर्मासमधला चहा पिऊन दाखवायला लावला. चहा उकळता होता. जीभ अशी पोळली की बाई दोन दालनं गप्प राहिल्या. शुलिंगला प्रदर्शनातलं तेवढंच आवडलं.

तिसऱ्या दालनात हजारेक वर्षांपूर्वीच्या थांग काळातल्या कुणा सरदाराच्या थडग्यातला, त्याला परलोकात वापरायला पुरलेला मातीचा संसार मांडला होता. चूल, डुकरं, नाचणाऱ्या बाया, बैलगाडी. आणि गाडीपाशी गाडीवान.

"वन्सं, घात झाला!" बाई ओरडल्या. "तुमच्या भावाला मी गाडी धाडली, पण ड्रायव्हर धाडलाच नाही!"

"हळू बोल गं वहिनी, लोक बघतायत."

"वर्षभर तसेच बसले असतील हो! काचसुद्धा खाली घेता येत नाही त्यांना."

"मग धाड की ड्रायव्हर. जोडीला या नाचणाऱ्याही धाड, दादा खूश होईल."

"कसल्या नाचतायत! त्यांनाही ब्रेक लावायला सांगतील ते."

तशाच तरातरा त्या कागदी सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने पांढरे हातमोजे घातलेला, गुलाबी गालांचा ड्रायव्हर पुढे केला. बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"हा पोरगा संध्याकाळपर्यंत नोकरी सोडेल," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या नवऱ्याच्या पुढच्या सीटवर दुसरंच कुणी बसणार, हे काही त्यांना सोसेना. ड्रायव्हर त्यांनी परत केला.

छिंगमिंगला थडग्यापुढे वाकून त्या म्हणाल्या, "हे बघा, ड्रायव्हर पाहिला, पसंत नाही पडला. तुम्ही आपले मागच्या सीटवर बसून राहा. गाडी मीच चालवणार."

दोन पावलं जाऊन त्या परत फिरल्या.

"आणि उगाच हॉर्न वाजवून बोलावू नका. प्रदर्शनाचा वरचा मजला बघायचा राहिलाय माझा."