डबा रिकामा आला

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गावचा, हेही कधी कधी आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र अजून वेगळं राहिलं आहे, धुक्यातून एखादंच झाड स्पष्ट दिसावं तसं.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या बाजूला ठाणेदार होतो. धानाची कापणी होऊन गेली होती. थंडीत त्या भागात सकाळ उशिरा उजाडते आणि उजाडली तरी बराच वेळ खरी वाटत नाही. ठाण्याच्या अंगणातला वडही अर्धाच दिसायचा. हजेरी झाली होती. रात्रपाळीचे लोक चार्ज देत होते. एवढ्यात फोन वाजला आणि ठाणे अंमलदाराने तो उचलला. हा जुना हवालदार होता, जिभेने तिखट आणि मनाने बरा.

थोडा वेळ ऐकून त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. "साहेब, एक बाई बोलून राहिली. समुद्राकडची आहे. म्हणते, डबा रिकामा आला."

"मग?"

"मग काही नाही. एवढीच तक्रार."

खोलीत हसू पसरलं. एक शिपाई म्हणाला, "लाडू चोरीचा गुन्हा दाखल करा. मुद्देमाल पोटात." मीही हसलो आणि फोन घेतला.

बाई कोकण किनाऱ्यावरच्या एका गावात लहानशी खानावळ चालवत होती. आधी ती तिथल्या पोलीस ठाण्यात गेली होती. त्यांनी आमचा नंबर देऊन वाटेला लावलं होतं. ती म्हणाली, "साहेब, माजो डबो रिकामो इलो. त्या चेडवाचा कायतरी झाला आसतला. तुमी जावन बघा मरे."

चेडू म्हणजे मुलगी. मी तिला सुरुवातीपासून सांगायला सांगितलं.

मोबाईलवर एक गट होता. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले अनोळखी लोक चिठ्ठीत नाव निघेल त्याला आपल्या भागातला खाऊ टपालाने पाठवायचे. या बाईच्या चिठ्ठीत आमच्या हद्दीतली एक मुलगी आली. पहिल्यांदा इकडून मोहफुलाचे लाडू गेले, तिकडून आमसुलं आणि फणसपोळी आली. गटातले लोक पुढच्या चिठ्ठ्यांकडे वळले. या दोघी मात्र एकमेकींवरच थांबल्या. लाडू चुरडू नयेत म्हणून बाईने स्टीलचा डबा पाठवला. तोच डबा पांढऱ्या कापडात शिवला जाऊन महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात-येत राहिला. इकडून बोरकूट, चारोळी, लाखोळीच्या डाळीच्या वड्या. तिकडून कुळथाचं पीठ, जत्रेतलं खाजं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मुलगी तिला मावशी म्हणायची.

"आणि डबो रिकामो धाडूचो नाय, ह्या आमचा ठरलला," बाई म्हणाली. "मी सांगलंय तर ता चेडू हसला. म्हणाला, मावशी, आमच्याकडे पण नाही धाडत."

"वाटेत कोणी काढलं असेल."

"शिवण जशीच्या तशी होती. टाको तिचोच. मीच उसवलंय."

मुलीचा फोन बरेच दिवस बंद होता. एकदा लागला तेव्हा कुणी पुरुष 'राँग नंबर' म्हणाला. बाई रोज लावत राहिली. आणि मग हा डबा.

तिने डब्याचा फोटो पाठवला. झाकण उघडलेला, आत काहीच नसलेला डबा, शेजारी उसवलेलं कापड, मागे राखाडी समुद्र. तो फोन ठाण्यात हातोहात फिरला. आता कोणी हसत नव्हतं. रिकामं भांडं परत करू नये, हे तिथल्या प्रत्येकाला घरातून माहीत होतं. शेजारणीची वाटी परत करताना साखरेची चिमूट तरी टाकतात. सुतक असलं तरच भांडं तसंच जातं, नाहीतर संबंध तोडायचा असला तर. "भांडण झालं असेल दोघींचं," हवालदार म्हणाला. महिला शिपाई म्हणाली, "भांडण असतं तर डबाच ठेवून घेतला असता, काका. तुमच्या घरी विचारा."

कायद्याच्या नजरेने यात काहीच नव्हतं. तक्रारदार नातेवाईक नाही, घटना दिसत नाही, गुन्ह्याचं कलम तर दूरच. मी स्टेशन डायरीत 'खात्री करणेकामी रवाना' अशी नोंद केली आणि चार्ज देऊन मोकळ्या झालेल्या हवालदाराला आणि महिला शिपायाला घेऊन निघालो.

गाव तलावाच्या पाळीला लागून होतं. धुकं एवढं होतं की पाण्याची हद्द कळत नव्हती. शिंगाड्याची पानं हवेत तरंगल्यासारखी दिसत होती. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, कापलेल्या फणकटाच्या खुंटांतून लाखोळी वर आली होती आणि तिला बारीक निळी फुलं होती. लांबवर निळं आणि पांढरं एवढंच दिसत होतं. नुकताच पाहिलेला फोटो डोक्यात असल्यामुळे असेल, मला क्षणभर आपण किनाऱ्यावर उतरल्यासारखं वाटलं. हवालदाराने जीप बंद केली आणि तोही कारण नसताना हळू आवाजात बोलायला लागला.

घर खातंपितं होतं. शेती आणि तांदळाचा व्यापार. वडील नव्हते. आई, थोरला मुलगा आणि ही मुलगी. मुलगी एकवीस वर्षांची, नर्सिंग झालेली. भाऊ पुढे आला. हसतमुख, गोंदियाच्या बाजारात वावरणाऱ्या माणसासारखा हिंदी-मराठी मिसळून बोलणारा.

"बैठिये ना, साहब. बहीण घरी नाही. बालाघाटले मावशीकडे गेली. धान चुरायच्या आधीच गेली."

"फोन?"

"खराब झाला. नवीन घ्यायचा आहे."

आई चुलीपाशी चहा ठेवत होती. ती म्हणाली, "होय जी, मावशीकडंच हाये. मावशीले बरं नाही." आवाज स्थिर होता. खोटं बोलणारी माणसं पुष्कळदा जास्तीचं सांगतात. या बाईने नेमकं पुरेसं सांगितलं. मी मनात म्हटलं, इथे वेळ लागणार.

मावशीचा पत्ता मागितला. मिळाला. मुलगी कोणत्या गाडीने गेली, सोबत कोण होतं, सगळं जुळत होतं. मी पार्सलचं विचारलं. भाऊ दचकला नाही.

"हो, मीच टाकलं पोस्टात. ती जाताना देऊन गेली होती, माझ्याकडूनच राहून गेलं. काऊन, काही झालं काय?"

हेही जुळत होतं. विचारायचं असं फारसं उरलं नव्हतं. चहाचा कप खाली ठेवता ठेवता मी म्हणालो, "काही नाही. डबा रिकामा गेला, म्हणून ती बाई घाबरली."

चुलीपाशी हालचाल थांबली.

"रिकामा?" आई म्हणाली.

"रिकामा."

"रिकामा कसा जाईल, बाप्पा? आमच्या घरून रिकामा डबा जाते काय?"

"आई," मुलगा म्हणाला, "तू चहा पाहाय."

पण ती उठून आली होती. "नव्या धानाचे पोहे कांडून आणले, साहेब. चिवडा केला. वर मोहाचे लाडू ठेवले, गच्च दाबून. मी सोताच्या हातानं भरला. तिनं पडवीत बसून कापड शिवलं."

नव्या धानाचे पोहे. ते धान चुरल्याशिवाय, म्हणजे मळणी झाल्याशिवाय, होत नाहीत. आणि मुलगी तर चुरण्याआधीच गेली होती. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. भावाच्याही लक्षात आलं होतं. आईच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. मी मोबाईलमधला फोटो तिच्यासमोर धरला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"तूनं काढलं?" तिने मुलाला विचारलं. "लोकाच्या घरी रिकामा डबा धाडला? काऊन रे? घराची काही लाज?"

"मी कायले काढू? डब्यात चिठ्ठी नाही ना, एवढंच पाहिलं मी."

"मंग कोणं काढलं?"

"आई, चूप बस म्हटलं ना!"

डबा आपण भरला, मुलाने तपासला, मुलीने शिवला, एवढा हिशेब तिच्या मनात पुरा झाला होता. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

हवालदाराने भावाला अंगणात नेलं. मी आणि महिला शिपाई तिच्यासमोर बसलो. काही विचारलं नाही. बाहेर धुकं पातळ होऊन अंगणातला धानाचा ढीग दिसायला लागला होता.

"घरात कोणी मेलं तर भांडं रिकामं जाते, साहेब," ती म्हणाली. "माह्या जित्या पोरीनं माह्या हातचं काढून टाकलं. तिच्यासाठी मी मेली काय?"

"नाही," महिला शिपाई म्हणाली. "कोणीतरी यावं म्हणून केलं तिनं ते. आता ती आहे कुठं, मावशी?"

"सालेकशाकडं. माह्या जावेच्या घरी." आणि मग, पदर तोंडाशी धरून, "लवकर जा. पाहुणे उद्या येऊन राहिले तिले न्यायले."

भावाने मध्यस्थामार्फत परराज्यातल्या एका घरी तिचं लग्न ठरवलं होतं. ते घर कोणी पाहिलेलं नव्हतं. मुलीला नागपुरात रुग्णालयात नोकरी लागली होती. तिने नाही म्हटलं. मग फोन काढून घेतला आणि खोलीला कडी लागली. डबा परत पाठवायची कल्पना भावाचीच. डबा मिळाला की ती बाई फोन करायची थांबेल, असा त्याचा हिशेब. पार्सल गेलं त्याच दिवशी त्याने बहिणीला काकूकडे हलवलं होतं.

माणसाला बोलतं करायला धाक लागतो, असं आमच्या खात्यात अनेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. ही बाई पोटच्या मुलीबद्दल शांतपणे खोटं बोलली, कारण ते घराच्या भल्याचं आहे असं तिला पटवून दिलेलं होतं. पण आपल्या घरातून भांडं रिकामं गेलं, हे तिला सोसलं नाही. प्रत्येक माणसाकडे अशी एक जागा असते, जिथे त्याला खोटं बोलताच येत नाही. ती जागा बहुधा गुन्ह्याच्या जवळ नसते; चुलीजवळ असते, गोठ्यात असते, देवघरात असते. तेव्हापासून मी चौकशी घरातल्या साध्या गोष्टींपासून सुरू करत गेलो. कधी हाती काही लागलं, कधी नाही.

कचारगडच्या डोंगरांच्या बाजूला रस्ता जंगलातून जातो. ऊन झाडांमधून तिरपं येत होतं. काकूच्या घरी विरोध झाला नाही. महिला शिपायाने मागच्या खोलीची कडी काढली. मुलगी उजेडात येऊन डोळे चोळत उभी राहिली, जणू लांबच्या झोपेतून आताच उठली होती. खाकी कपडे पाहून ती घाबरली नाही.

"मावशीनं फोन केला?" तिने विचारलं.

"केला. चिठ्ठी का नाही टाकलीस?"

"दादानं चिवड्यात बोटं घालून पाहिलं. पोस्टात टाकायच्या आधी परत उसवून पाहिलं असतं, त चिठ्ठी सापडली असती. शिवता शिवता रिकामा केला. रिकाम्या डब्यात त्याले काय सापडणार होतं?"

"आतलं काय केलंस?"

"आईच्या हातचं होतं. फेकवलं नाही. धानाच्या ढोलीत ओतलं."

"आणि मावशीला कळलं नसतं तर?"

"तिले कळलं असतं," ती म्हणाली. न पाहिलेल्या माणसाबद्दल इतक्या खात्रीने बोलताना मी फार थोड्या लोकांना ऐकलं आहे.

पुढचं थोडक्यात. बेकायदेशीरपणे डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. भावाला अटक झाली. मध्यस्थ निसटला, पाहुणे आलेच नाहीत. जबाबात आईचं काय लिहायचं, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "तिनं कडी लावली, ते लिहा. आणि तिनंच तुम्हाले जागा सांगितली, तेही लिहा." दोन्ही लिहिलं. ठरलेल्या दिवशी ती नागपूरला रुजू झाली.

पण त्या दिवशी दुपारी यातलं बरंच व्हायचं होतं. जबाब संपला होता. आईलाही ठाण्यात बोलावलं होतं. समोरच्या हॉटेलातून वरणभाताच्या दोन थाळ्या आणल्या होत्या आणि महिला कक्षात दोघी मायलेकी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मी कोकणातल्या बाईला फोन लावला. मुलगी सुखरूप आहे, असं सांगितलं.

भाऊ कोण, गुन्हा कोणता, शिक्षा काय, यातलं तिने काही विचारलं नाही. ती म्हणाली, "ता चेडू जेवला काय?"

मी दारातून आत पाहिलं. मुलगी खाली बघत भात कालवत होती. आईची थाळी तशीच होती. मुलीने मान वर केली नाही, डाव्या हाताने ती थाळी बाकावरून थोडी पुढे सरकवली आणि म्हणाली, "खाय."

आईने पहिला घास उचलला.

"जेवताहेत," मी फोनवर म्हणालो. "दोघी जेवताहेत."

दुसरी कोण, हे तिने विचारलं नाही. "मगे बरा," म्हणाली आणि फोन ठेवला.