नाव खरवडलेली तबकडी

खोऱ्यातल्या आमच्या मार्गिलान गावात महकम-आका कोण हे विचारावं लागत नाही. निम्मं गाव त्याच्या हातच्या पाळण्यात निजून मोठं झालं आहे. विलोचे दांडे लेथवर उतरवायचे, त्यांवर लाल-पिवळे पट्टे ओढायचे, हा त्याच्या बापजाद्यांचा धंदा. पण धंद्याबद्दल विचाराल तर गडी दोन वाक्यांत आटपतो. गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचा विषय काढायची चूक केलीत, तर मात्र चहाची किटली पुन्हा भरून आणावी लागते.

रविवारच्या बाजारात तो पैसे घेऊन जातच नाही. समोवारच्या तोट्या, ट्रॅक्टरचे पट्टे आणि शिपायांचे फाटके बूट एकाच ताडपत्रीवर मांडून बसलेले लोक त्याला लांबून ओळखतात आणि ढिगातून एखादी काळी तबकडी वर काढून ठेवतात. मग "तुझ्या घरात पाळणा हलणार आहे का कुणासाठी?" असा महकम-आकाचा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे पाळणा कुठल्या ना कुठल्या घरी लागतोच, त्यामुळे सौदा जमतो. त्याची बायको खोसियत म्हणते, "सगळी दुनिया पोरांना पाळणे देते नि दुवा घेते. आमचे हे पाळणे देतात आणि मेलेल्यांचे आवाज घेऊन येतात."

तबकडीला तो लोखंडी सुई लावू देत नाही. लोखंडी सुई गाणं वाजवते आणि वाजवता वाजवता खाते, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी त्याने स्वतःच अशा कितीतरी तबकड्या खाऊ घातल्या, तेव्हा कुठे शहाणपण आलं. आता तो कालव्याकाठच्या जिदाच्या झाडाचे काटे तोडून आणतो, चुलीमागे वाळवतो, तेलात मुरवतो आणि वस्तऱ्याच्या पात्याने टोक काढतो. एक बाजू वाजली की काटा बोथट झालाच, पुन्हा टोक काढायचं. हे सगळं करताना त्याचा चेहरा नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसासारखा होतो. चेष्टा करणारे आम्हीसुद्धा तेव्हा गप्प बसतो, कारण पुढे जे होतं ते आजही आमच्या डोक्यात मावत नाही. लाखेच्या चकतीवर केसाएवढी एक रेघ, त्या रेघेतून झाडाचा काटा फिरतो आणि शंभर वर्षांपूर्वी कुणी घेतलेला श्वास आपल्या अंगणात सुटतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मग कुणीतरी चहा ओतायला लागतं.

त्याच्याकडच्या काही तबकड्यांवरची नावं खरवडलेली आहेत. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. एकोणीसशे सदतीस साली सरकारी गाड्या यायच्या आणि माणसं घेऊन जायच्या. नेलेल्या माणसाचं नाव घरात सापडलं तर घरच्यांचीही धडगत नसे. गवई नेले गेले, तेव्हा लोकांनी त्यांच्या तबकड्या घेतल्या आणि मधल्या कागदावरची नावं सुरीने खरवडून टाकली. नावं खरवडली, पण तबकड्या फोडल्या नाहीत. इतक्या भीतीतही लोकांनी आवाज तेवढा ठेवून घेतला, हे आठवलं की महकम-आकाला आपल्या गावाबद्दल फार मोठं काहीतरी वाटतं.

अशीच एक तबकडी त्याची सगळ्यांत लाडकी. वाद्य नाही, साथ नाही, नुसता एक तरुण आवाज. पहिली ओळ भिंतीपलीकडून आल्यासारखी दबलेली, मग 'ठण्' असा एक आवाज, आणि तिथून पुढे तो गळा असा मोकळा सुटतो की ऐकणारा हातातला घास खाली ठेवतो. 'ठण्' म्हणजे तबकडीला कुठेतरी तडा असणार, असं महकम-आका धरून चालला होता. बोटाने चाचपून पाहिलं, भिंगाने पाहिलं, तडा काही सापडला नाही. गाणारा कोण, तेही कुणाला सांगता आलं नाही.

एका वसंतात इनोबत-बुवी पणतूसाठी पाळणा सांगायला दुकानात आली. ऐंशी ओलांडलेली, जिभेला धार असलेली म्हातारी. महकम-आकाने रीतीप्रमाणे तिच्यापुढे चहा आणि नवात नावाची खडीसाखर ठेवली आणि तबकड्या वाजवायच्या कर्णेवाल्या फोनोला चावी द्यायला घेतली.

"ते राहू दे," बुवी म्हणाली. "मला तुमच्या तबकड्यांची किळस आली आहे."

"का बुवी? गाण्याने काय घोडं मारलं?"

"माझा बाप झुन्नून हाफिज. अख्ख्या खोऱ्यात गाजलेला गवई. मी तीन वर्षांची असताना त्याला नेलं. आईने भीतीपोटी घरातल्या सगळ्या तबकड्या तंदुरात घातल्या. कितीतरी दिवस आमच्या भाकरीला जळक्या लाखेचा वास येत होता. त्याचा आवाज मला आठवत नाही. हे एकदा कुणापाशी बोलले, तर लोकांनी रांग लावली. एक रेडिओवाला बाप घेऊन आला, तो बायकी आवाजाचा. एक संग्रहालयवाला घेऊन आला, त्या बापाला ओळीगणिक खोकला. प्रत्येक वेळी मी वेड्यासारखी रडले आणि मग कळायचं, तो दुसराच कुणी. आता पुरे झाले मला बाप."

रंगाची वाटी पुढे ओढून महकम-आकाने दांड्यावर पट्टा ओढायला घेतला. बुवीचा राग चहाबरोबर जरा निवळला आणि ती आपणहून हसली.

"आई मात्र त्याची एक गोष्ट हसून हसून सांगायची. हा पोरसवदा असताना खोकंदला परदेशी साहेब गाणी भरायला आला होता. आता आपले गवई कसे गातात तुला ठाऊक आहे, तोंडापुढे ताटली धरून. आवाज ताटलीवर आपटून लांब गेला पाहिजे. तर हा तिथेही ताटली घेऊनच गेला. समोर साहेबाचा कर्णा, मध्ये याची ताटली. आवाज भरायची मेणाची चकती फिरायला लागली, याने सूर लावला, आणि आवाज निघाला साहेबाच्या मागच्या भिंतीकडे. दुभाषा ओरडायचा कसा, नुसते हातवारे करत बसला. मग याच्या लक्षात आलं आणि याने ताटली अशी खाली ओढली की ती कर्ण्याच्या कडेवर आपटली. साहेबाकडचं मेण संपत आलं होतं, म्हणून तसंच ठेवलं म्हणे."

दांड्यावरचा लाल पट्टा तिथे वाकडा गेला. तो पाळणा आजही बुवीच्या घरी आहे आणि पट्टा आजही वाकडा आहे.

बुवी गेल्यावर त्याने दुकानाची फळी लावली आणि फोनो उचलून तडक घरी आला. खोसियत चुलीपाशी गाजरं चिरत होती. तिला काही न सांगता त्याने ती तबकडी लावली. दबलेली ओळ आली, मग 'ठण्' झालं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"ताटली," खोसियत गाजरावरची नजर न काढता म्हणाली. "तांब्याची. कुठे आपटली तुमची?"

एवढी वर्षं तो तडा शोधत बसला होता. जी वस्तू गाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पाहिली, तीच त्याला ऐकू आली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग त्याने बायकोला बुवीची सगळी हकीकत सांगितली.

"सांगणार का तिला?" खोसियतने विचारलं.

"तेच कळत नाही. ताटली दुसऱ्या कुणाचीही आपटली असेल."

"असेलही. आणि खोटं निघालं, तर म्हातारीला आणखी एका बापाला पुरावं लागेल."

"आणि खरं असलं, न् मी गप्प बसलो तर?"

खोसियतने गाजरं कढईत लोटली. "मग तुम्हाला या वयात झोप कशी लागेल, ते मला सांगा. पण अहो, ती तबकडी खरी निघाली तर घरी परत आणणार आहात का?"

"नाही," महकम-आका म्हणाला. ते एवढं सोपं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने पुढे टोमणा मारला नाही.

पाळणा पोचवायच्या दिवशी त्याने फोनो पाळण्यातच ठेवला आणि बाळाला बांधतात त्या पट्ट्यांनी करकचून बांधला. इनोबत-बुवी द्राक्षाच्या मांडवाखालच्या चौथऱ्यावर उशांना टेकून बसली होती. पाळण्यातला कर्णा पाहताच तिचा चेहरा उतरला.

"महकम, तूसुद्धा?"

"बुवी, मी काही म्हणत नाही. हा कोण ते मला माहीत नाही. फक्त सुरुवात ऐका. नाही म्हणालात तर मी काटा उचलेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. बुवी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ते, ताकाकडेसुद्धा संशयाने बघत होतं. महकम-आकाने काट्याचं टोक काढलं. ते एकदा मोडलं, त्याने दुसरा काटा घेतला. चावी दिली आणि काटा अलगद टेकवला.

भिंतीपलीकडून आल्यासारखी पहिली ओळ आली. मग ताटली कर्ण्याच्या कडेवर आपटली, आणि झुन्नून हाफिजचा गळा मांडवाखाली मोकळा झाला.

इनोबत-बुवीने उशीचा आधार सोडला. आमच्याकडे बाप अंगणात आला की लेक उठून उभी राहते. पण बुवीचं आता असं वय झालेलं की तिच्यासाठी सगळे उठत आणि ती कुणासाठी उठत नसे, गुडघेही साथ देत नसत. सुना धावल्या, तर तिने त्यांना हातानेच थांबवलं. चौथऱ्याचा कठडा धरून ती उठली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, उजवा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली.

"सलाम, बाबा," ती म्हणाली.

विशीतला पोरगा गात होता आणि ऐंशी ओलांडलेली त्याची लेक त्याच्यापुढे मान लववून उभी होती. दारातल्या सुना आपोआप छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. महकम-आकाने आयुष्यभर तबकड्या लावल्या, पण त्या दिवशी आपण नक्की काय लावलं आहे याची त्याला भीतीच वाटली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

गाणं संपलं. काटा शेवटच्या रेघेत खरखरत राहिला, तेव्हा त्याने तो उचलला. एक सून हळूच म्हणाली, "बसा आता, आई."

बुवी बसली नाही. तिने महकम-आकाकडे पाहिलं.

"दुसऱ्या बाजूलाही तोच आहे?"

"हो बुवी. तोच आहे."

"मग लाव," ती म्हणाली. "मी उभी आहे."