कोपरा फाटलेलं कार्ड

देशोदेशीच्या शहरांची चित्रकार्डं जमवायचा नाद मला कॉलेजात असताना लागला आणि तो मी कधी लपवला नाही. धुळ्यासारख्या गावात हा नाद चालवायचा तर माणूस निर्लज्ज असावा लागतो. गल्लीतल्या मारवाडी कापडदुकानदाराचा भाचा दुबईला निघाला, तेव्हा त्यांच्याकडे पेढे खायला मी सगळ्यांत आधी हजर. पेढा तोंडात असतानाच माझी मागणी सुरू: अत्तर नको, चॉकलेटं नकोत, तिथल्या रस्त्याचं चित्र असलेलं एक कार्ड टपालात टाक. हातात आणून दिलेलं मला चालत नाही. त्या गावचा शिक्का बसून, चार पिशव्यांतून धक्के खात आलेलं कार्डच खरं. मोबाइलवर हजार फोटो येतात, बोटाने ढकलले की संपले.

मग माझा मुलगाच बोटीवर लागला. मालवाहू बोट, इंजिनच्या खोलीतलं काम. "कार्डांसाठी पोरगा समुद्रात सोडला बाईंनी," असं शाळेतल्या माझ्या सहशिक्षिका म्हणायच्या आणि मीही त्यांच्यात मिळून हसायची. प्रत्येक बंदरातून एक कार्ड, ही माझी अट. तो बिचारा पाळायचा. मजकूर मात्र एकदम कंजूष: "इथे थंडी. जेवण ठीक." एकदा तर तो सुट्टीवर घरी आलेला असताना त्याचंच कार्ड आलं आणि त्यानेच ते पोस्टमनच्या हातून घेतलं. वर मला म्हणाला, "आई, हा मुलगा बरा लिहितो."

घरात तेव्हा मी आणि माझे सासरे असे दोघंच होतो. नवरा जळगावला बँकेत, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. ते साक्रीकडच्या एका खेड्यातले, ऐंशीच्या घरातले, आणि शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी अहिराणी बोली सोडलेली नाही. आलेलं कार्ड मी त्यांना दाखवायची. ते डोळ्यांजवळ नेऊन पूल, मनोरे, होड्या बघायचे आणि एकच विचारायचे, "तठे पेवाले पानी शे का?" चित्रात सगळीकडे पाणीच पाणी असलं तरी प्यायच्या पाण्याची चौकशी.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज बोटी दिसायला लागल्या. समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून जाणाऱ्या बोटींवर कुणी ड्रोन, क्षेपणास्त्रं असं काय काय सोडत होतं, आणि पडद्यावर लाल बाण काढून ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. मुलाचा फोन आला तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, "आता आम्ही तिकडूनच जाणार. काही दिवस नेट बंद असेल. काळजी करू नको." मी भूगोल शिकवते. तो पट्टा कुठे आहे, किती अरुंद आहे, दोन्ही काठांवर काय आहे, हे मी फळ्यावर काढून दाखवू शकते. तेवढं येत नसतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवसांत फार वाटलं. मी टीव्ही बंद करायची आणि आबा पुन्हा लावायचे. ते बंद करायचे आणि मी लावायची.

अशात एका दुपारी मी शाळेतून आले, तर आबा ओट्यावर बसलेले. ऊन असं की उंबऱ्याला पाय लागला तरी चटका बसावा. त्यांचं धोतर ओलं, डोक्यावरचे विरळ केस ओले, हनुवटीवरून पाणी गळतंय. सकाळी सहाला अंघोळ करणारा माणूस भर दुपारी डोक्यावरून पाणी घेऊन बसला होता. मला वाटलं, चक्कर आली असेल आणि कुणी पाणी ओतलं असेल.

"काय झालं, आबा?"

"कार्ड ऊनं."

"आलं? मग द्या की."

"फाडी टाकं." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "कोपरा फाटेल व्हता, माय."

मला कळायला एक क्षण लागला. आमच्याकडे पूर्वी मयताची बातमी पोस्टकार्डाने यायची, तेव्हा कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच समजावं. असं कार्ड घरात न्यायचं नाही. दारात उभं राहून वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग रडायचं. आबांच्या गावात लिहिता येणारे थोडेच होते, त्यामुळे लोकांची अशी कार्डं आबाच लिहून द्यायचे. कोपरा तेच फाडायचे. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात तसं कार्ड आलं आणि हातांनी आपलं काम केलं. चष्मा घरात होता. तो आणायला आत जायचं तर कार्ड घेऊन उंबरा ओलांडावा लागला असता, म्हणून त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही.

मी ओरडले. ऐंशी वर्षांच्या माणसावर, रस्त्यात, पदर कुठे पिशवी कुठे याची शुद्ध न ठेवता ओरडले. आता मयताची कार्डं येतात का, फोन आहेत, कंपनी आहे, टपालात शंभर ठिकाणी कागद फाटतो, तुम्ही वाचलं तरी का नाही! ते ऐकून घेत राहिले. मला उत्तर हवं होतं. त्यांनी मला "वेडी" म्हणावं, हसावं, काहीही करावं असं वाटत होतं. ते नुसतं धोतराचं ओलं टोक पिळत राहिले आणि ते बघून माझाही धीर सुटला.

तुकडे समोरच्या गटारात होते. वरच्या घरांतून भांड्यांचं पाणी येतं, त्यावर साबणाचा फेस तरंगत होता. मी ओणवी होऊन हात घातला. शेजारची बाई दारात आली, म्हणाली, "काय हरवलं हो?" मी म्हणाले, "कानातलं." खरं सांगितलं असतं तर ती धावत आली असती, चार जणी जमल्या असत्या आणि कुणीतरी गळा काढला असता. मग ते खरंच झालं असतं, असं मला वाटलं.

मिळाले तेवढे तुकडे मी ओंजळीत घेतले आणि घरात निघाले, तर आबा दाराला आडवे हात लावून उभे.

"घरमा नही. भायेर ऱ्हाऊ दे."

शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करायचं असलं की मलाच पुढे करतात. मी त्यांचे हात बाजूला सारून आत जाऊ शकले असते. नाही गेले. ओट्यावरच तुकडे पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाट्या पालथ्या घातल्या. त्या वाट्याही आबांनीच खिडकीतून दिल्या.

एकीकडे निळी ट्राम आणि पुलाचा अर्धा भाग. दुसरीकडे आमचा पत्ता, आणि अक्षर मुलाचं! 'धुळे'मधला तो नेहमीचा तिरपा उकार. मी आबांना ओढून आणलं, चष्मा लावला, दाखवलं. बघा, त्याचं अक्षर आहे. मेलेला माणूस स्वतःचं कार्ड लिहितो का? आणि गेलेला कोपरा कुठला, तर तिकिटाचा. परदेशी तिकीट दिसलं म्हणून वाटेत कुणीतरी कोपऱ्यासकट काढून घेतलं असणार. एवढंच आहे, आबा.

त्यांनी एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं. "अक्षर त्यानंच शे, माय," ते म्हणाले. "पन ते कवयनं?"

कधीचं? शिक्का तर तिकिटाबरोबरच गेला होता. कार्डाला यायला दोन-तीन आठवडे लागतात. लिहिलं तेव्हा तो होता, एवढंच त्यातून कळत होतं. आता आहे का, हे कुठलं कार्ड सांगणार? आजवर शेकडो कार्डं हाताळली, पण ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. मजकूर होता, तोही या वेळी भरपूर होता, बारीक अक्षरात कडेपर्यंत. पण साबणाच्या पाण्याने शाई पसरली होती आणि निळ्या ओघळांखेरीज काही उरलं नव्हतं.

मुलाला बोटीवर लावणाऱ्या मुंबईतल्या एजंटच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "बोट मार्गावर आहे, मॅडम. काही असेल तर आम्ही कळवू." ते "काही असेल तर" माझ्या कानात भुंग्यासारखं घुमत राहिलं. मग नवऱ्याला जळगावला फोन लावला. तो आधी हसला. म्हणाला, "आबांचं काय घेऊन बसलीस!" मग मुलाचा शेवटचा फोन कधी आला ते विचारलं. मग म्हणाला, "येतो मी." आठवड्याच्या मधल्या दिवशी, रजा न टाकता, हातात पिशवीही न घेता तो एसटीने आला. बँकेत मॅनेजर आहे, घरात एक ताईत टिकू देत नाही. ओट्यावरच्या पालथ्या वाट्या बघून त्याने विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. मला वाटलं, आता हा सगळं उचलून आत नेईल. तो म्हणाला, "असू दे मग तिथेच." त्या वाक्याने मी जितकी घाबरले तितकी टीव्हीनेही घाबरले नव्हते.

घरात गॅस पेटला नाही. भूक नाही, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. मयताच्या घरात चूल पेटत नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि आपण तेच पाळतोय हे कुणीच बोलून दाखवलं नाही. शेवटी मी दूध आणलं, आबांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मुलगा लहानपणी तापात पडला की मी त्याला कार्डांचा अल्बम द्यायची. ती शहरं दाखवत दाखवत औषध पाजायची. समुद्राचं वेड त्याच्या डोक्यात कुणी भरलं, ह्याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. अल्बम कपाटात होता. कपाटाकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी नवरा परत कामावर गेला, मीही गेले; आबा मात्र दूध सोडून काही घेईनात. वर्गात नकाशा उघडायचं टाळून उजळणी घेत राहिले. फोन साडीच्या कमरेला खोचलेला. तो थरथरला की मीही थरथरायची, आणि कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारायचं.

खरा फोन आला तेव्हा मी घरीच होते, आबांच्या औषधाच्या गोळ्या काढत होते. अनोळखी, लांबलचक नंबर.

"आई, जेवलीस का?"

हातातल्या गोळ्या खाली सांडल्या. आबांना माझ्या चेहऱ्यावरून काय समजलं कोण जाणे, त्यांनी फोन ओढूनच घेतला. "कोन? तू शे का? जेवना का रे भो?" आणि मग हुंदका आवरत म्हणाले, "मी बी आते जेवस." फोन माझ्याकडे देऊन ते भिंतीला धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मुलगा गोंधळला होता. "आबांना काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, वय झालंय." तो सुखरूप होता. बोट त्या पट्ट्यातून बाहेर पडली होती. मला आता नुसता त्याचा आवाज ऐकायचा होता, त्याने बाराखडी म्हटली असती तरी चाललं असतं. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. पलीकडे आणखी माणसं बोलत होती आणि तो तोंडाशी हात धरून बोलत असावा.

"कार्ड मिळालं?"

"मिळालं."

"वाचलंस ना?"

नाही म्हणायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. तुझ्या नावाने आबांनी अंघोळ केली, आम्ही चूल विझवून बसलो, हे बोटीवरच्या मुलाला कसं सांगायचं? मी म्हणाले, "वाचलं."

त्याने आवाज आणखी खाली आणला. "फोनवर तोंडातून निघत नव्हतं गं, सगळे असतात आजूबाजूला, त्यामुळे कार्डात लिहिलं. बाबांना नको सांगू. परतीलाही त्याच वाटेने यायचंय. ज्याला नको त्याने पुढच्या बंदरात उतरावं म्हणतात, पण मग पुढे काम मिळेल का, लोक काय म्हणतील... म्हणून तुझ्यावर सोडलं. आज कॅप्टनला सांगायचंय. तू सांग, आई. तू म्हणशील ते."

माझ्या मुलाने मला विचारलं होतं, आणि ते विचारलेलं गटारातून वाहून गेलं होतं. हा फोन लागला नसता तर माझ्या गप्प बसण्याचा त्याने काय अर्थ लावला असता, ह्या विचाराने मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"घरी ये," मी म्हणाले.

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, लाइन गेली. मी ओरडून म्हणाले, "ऐकतोयस का? घरी ये!"

"हो," तो म्हणाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटलं होतं, तू जा म्हणशील."