सतरा तारखेपर्यंत थांबा

तीस वर्षं मी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिला. वैजापूर तालुक्यातल्या तीन शाळा, आणि रोज सकाळी परिपाठाच्या आधी तेच काम. वर तारीख, तिच्याखाली घटना, जन्म, मृत्यू. एखादं पोरगं ते माईकवर वाचून दाखवायचं, निम्मी नावं चुकवायचं आणि मी मागून ओरडायचो. निवृत्त होऊन शहरात, पुंडलिकनगरात राहायला आलो तरी खोड गेली नाही. सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर माझा दिनविशेष पडलेला असतो. दुसऱ्या कुणी चुकीची तारीख पुढं ढकलली की माझं डोकं फिरतं. या कामात माणसाच्या एक गोष्ट लवकर लक्षात येते. घटनांचा रकाना एखाद्या दिवशी रिकामा राहील, जन्माचाही राहील, पण मृत्यूचा कधी राहत नाही. मुलांना मी हे सांगत नसे.

मला स्वतःला जन्मतारीख नाही. म्हणजे कागदावर आहे, एक जून. आमच्या गावात माझ्या वयाचे जवळजवळ सगळेच एक जूनला जन्मले. बापानं शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी विचारलं, पोरगं कधीचं? बाप म्हणाला, खुरपणीच्या टायमाचं. गुरुजींनी एक जून टाकला आणि विषय संपवला. त्यामुळं एकतीस मेला आम्ही पाच मास्तर एकाच मांडवात निवृत्त झालो, पाचही जणांच्या शाली एकाच दुकानातल्या. पाहुणे म्हणाले, केवढा हा योगायोग! सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागायचं. जगभराच्या माणसांच्या जन्मतारखा तोंडपाठ आणि आपलीच ठाऊक नाही. आईला मी शेवटपर्यंत विचारत राहिलो. ती म्हणायची, ‘त्या दिशी आपली गाय व्याली व्हती, येवढंच ध्यानात हाय.’

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की लेकीला दिवस गेले तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यापासून काय होतं ते कळावं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात बाईमाणूस नाही. सासरचे शहरातच उस्मानपुऱ्यात राहतात, चांगली माणसं, ती म्हणाली आम्ही करतो. मी ऐकलं नाही. स्वयंपाकाला बाई लावली, लेकीला सातव्या महिन्यात घरी आणलं. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली, सिझरच करावं लागेल. लेकीचा चेहरा उतरला. माझ्या मनात जो विचार आला तो लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, चला, म्हणजे तारीख आपल्याला निवडता येईल.

तारीख मीच सुचवली. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं विहीणबाईंवर गेलं. सतरा सप्टेंबर. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला या तारखेचं काही वाटत नाही. त्यांचा झेंडा पंधरा ऑगस्टला चढला की झालं. आमच्याकडं तो महिन्याभरानं पुन्हा चढतो, कारण देश सुटला तेव्हा आम्ही निजामाकडंच अडकलेलो होतो आणि तेरा महिने उशिरा सुटलो. जावयाचे आजोबा त्या लढ्यात निरोप पोचवायचे. उस्मानपुऱ्यातल्या घरात त्यांचा फोटो आहे, दर सतरा सप्टेंबरला त्याला हार पडतो. त्याच तारखेला पणतू! विहीणबाईंना मी फोनवर सांगितलं तर त्या लगेच हो म्हणाल्या. त्यात त्या वर्षी अनंत चतुर्दशीही सतरालाच आली होती आणि लगेच पुढं पितृपक्ष लागत होता. म्हणजे आधी बाप्पाचा शेवटचा दिवस, नंतर पितरांचे पंधरा दिवस. विहीणबाई म्हणाल्या, ‘अठरा झाली की काय बी करता येनार नाय बगा. सतराच धरा.’

त्या दिवसांत संध्याकाळी मी लेकीला माझी दिनविशेषांची वही वाचून दाखवायचो. सतरा सप्टेंबरचं पान काढून बसायचो. मराठवाडा मुक्त झाला ते, जन्माच्या रकान्यात एक समाजसुधारक, एक मोठा चित्रकार. ती पाय लांब करून हसत ऐकायची. त्याच पानावर परदेशातल्या एका लढाईचीही नोंद होती, एका दिवसात हजारो माणसं पडली होती. खाली मृत्यूचा रकाना होता. ते मी तळहातानं झाकून धरायचो. ‘अण्णा, हात काढा ना, खाली काय हाय?’ ‘काय नाय गं. जुनंपानं हाय.’ तिनं पुन्हा विचारलं नाही.

पंधरा तारखेच्या तपासणीला आम्ही चौघं गेलो होतो, लेक, जावई, विहीणबाई आणि मी. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाल्या, ‘बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. मी उद्या सकाळीच करून घेईन.’ विहीणबाईंनी सतरा तारखेचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काही चिडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘माझा सल्ला उद्याचा आहे. थांबायचं तर तुम्ही ठरवा. पण हालचाल कमी वाटली तर एक मिनिटही घरी बसू नका.’

बाहेर पायऱ्यांवर आमची सभा भरली. जावई म्हणाला, ‘मामा, डॉक्टर म्हणतायत तर उद्याच करू.’ विहीणबाई म्हणाल्या, ‘एका दिसानं काय व्हतंय? आमच्या येळंला तर नववा उलटून दहावा लागायचा.’ लेक कठड्याला धरून उभी होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘अण्णा, तुमीच सांगा.’ लहानपणापासून ती असंच करायची. वहीत काय आहे ते अण्णांना माहीत, म्हणजे सगळंच अण्णांना माहीत.

मी म्हणालो, सतरा.

जावयानं मान खाली घातली. ‘ठीक आहे. मामा म्हणतात तर,’ एवढंच बोलला आणि गाडी आणायला गेला.

सोळा तारखेला दुपारी आमच्या गल्लीतलं ढोलपथक दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीची तालीम करत होतं. गेले दहा दिवस रोज चालायचं ते. ढोल सुरू झाला की लेकीच्या पोटात बाळ उड्या मारायचं, ती मला हाक मारून साडीवरून दाखवायची, आणि आम्ही दोघं हसायचो, हा तर मिरवणुकीतच नाचणार म्हणून. त्या दिवशी ढोल वाजत होते, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि लेक पलंगाच्या कडेला पोटावर हात ठेवून बसली होती. चार वाजले होते. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, ‘अण्णा, येवढा ढोल चाललाय, हे काही हलंना.’

‘झोपलं असंल.’

‘दुपारच्या जेवनापासून नाय हललं.’

मी घाबरलो. ते मी नाकारणार नाही. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला शब्द न् शब्द आठवत होतं. फोन हातातच होता. पण दुसरंही काही आठवत होतं. आत्ता गेलो तर आजच करतील. आज सोळा. एका रात्रीसाठी सोळा! मी तिला म्हणालो, गूळ खा, डाव्या कुशीवर पड, मग हलतं. कुठंतरी वाचलं होतं. तिनं ऐकलं. गुळाचा खडा तोंडात धरून ती भिंतीकडं तोंड करून पडली आणि मी शेजारी खुर्चीत बसलो. बाहेर ढोल थांबत होते, पुन्हा वाजत होते. अर्ध्या तासानं ती म्हणाली, ‘हललं वाटतं.’

‘वाटतं, का हललं?’

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, ‘हललं.’

तिची आई असती तर तिनं त्या पोरीला उठवून रिक्षात घातलं असतं. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं. ‘ह्यांना फोन करू का?’ तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘कशाला उगी त्याला घोर लावती? कुनाला काय सांगू नको. सकाळी जायचंच हाय.’

सतराच्या सकाळी साडेसहाला मी ग्रुपवर दिनविशेष टाकला आणि खाली लिहिलं, आज या यादीत आमच्या घरातून एकाची भर पडणार. मग आम्ही दवाखान्यात गेलो. लेकीला आत नेलं. जावई दाराशी, विहीणबाई जपमाळ घेऊन बाकावर. थोड्या वेळानं मागच्या शाळेत झेंडावंदन सुरू झालं आणि राष्ट्रगीत लागलं. मी उठून सावधान उभा राहिलो. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप जुळतात. समोर ते बंद दार होतं. मी हात ताठ करून उभा होतो आणि कान आत लावले होते. राष्ट्रगीत संपलं. घोषणा झाल्या. मुलांचा गलका झाला. आतून काहीच आवाज आला नाही.

मग एक नर्स दार ढकलून पळत गेली. दुसरी तिच्या मागं पळाली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आमच्यापैकी कुणाकडंच नीट बघितलं नाही. मुलगा आहे, म्हणाल्या. पाणी हिरवं झालं होतं, बाळानं आतच शी केली होती. रडायला वेळ लागला. जावयानं विचारलं, किती वेळ? ‘बराच,’ त्या म्हणाल्या. विहीणबाईंना तेवढंच ऐकू आलं की मुलगा आहे. त्या वैजापूरच्या भावाला फोन लावून बसल्या, ‘पोरगं झालं! सतरा तारखंलाच झालं!’ माझ्या फोनवर अभिनंदनाचे निरोप पडत होते, एकामागं एक, फुलं आणि झेंडे. काचेच्या पेटीत एवढंसं अंग आणि त्याला चार ठिकाणी नळ्या. संध्याकाळी मिरवणुका निघाल्या. त्या काचेच्या खोलीपर्यंत ढोलांचा आवाज येत होता. ते बाळ एकदाही दचकलं नाही.

बाळ वाचलं. आता दीड वर्षाचं आहे. अजून मान धरत नाही. डोळे दिव्याकडं वळतात, माणसाकडं वळत नाहीत. या दीड वर्षात आम्ही बरेच डॉक्टर केले आणि प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला, जन्मल्या जन्मल्या रडलं होतं का? लेक सांगते, नाही. विहीणबाई घरी देवासमोर बसून डोकं आपटतात, माझ्या हट्टानं झालं म्हणतात. जावई आईशी धड बोलत नाही. पितृपक्ष चुकवायला थांबलो, हे त्याच्या मनात पक्कं बसलंय. हे सगळं मी बघत होतो. उस्मानपुऱ्यात जाऊन चहा पीत होतो, त्या माउलीला धीर देत होतो आणि गप्प होतो. मला माझा राग येत होता, पण त्या रागानं तोंड उघडत नव्हतं.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांकडं गेलो. लेक, जावई, बाळ माझ्या मांडीवर. डॉक्टर वयानं लहान, पण नीट विचारणारे. त्यांनी सगळे कागद वाचले आणि लेकीला म्हणाले, ‘आदल्या दिवशी बाळाची हालचाल कमी झाली होती का?’

लेक म्हणाली, ‘नाही.’

‘नक्की आठवा. तसं असेल तर मेंदूला तेव्हाच मार बसला, हे समजतं. नसेल तर मला दुसरं कारण शोधावं लागेल. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं, भूल देऊन बाकीच्या तपासण्या करायच्या.’

तिनं पदर बोटाला गुंडाळला. माझ्याकडं बघितलं नाही. ‘नाही,’ ती पुन्हा म्हणाली, ‘चांगलं हलत होतं.’ डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

मांडीवर बाळ होतं. त्याच्या लाळेनं माझी बाही ओली झाली होती. भूल, मणक्यात सुई, या एवढ्याशा जिवाला, आणि तेही माझ्यासाठी.

‘लिहू नका,’ मी म्हणालो. ‘हलत नव्हतं. सोळा तारखेला दुपारी जेवणापासून हलत नव्हतं. चार वाजता तिनं मला सांगितलं. मी तिला घरी बसवलं आणि कुणाला सांगू नको म्हणालो.’

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. जावई उठला, माझ्यापुढं वाकला आणि एक हात बाळाच्या मानेखाली, एक कमरेखाली घालून त्यानं माझ्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं. माझ्या हाताला त्याचा हात लागणार नाही, याची त्यानं काळजी घेतली. बाळाला छातीशी धरून तो बाहेर गेला.

लेक कागद गोळा करत होती. पिशवीची चेन तिला लागत नव्हती. ‘मी मरेपर्यंत सांगितलं नसतं, अण्णा,’ ती म्हणाली, आणि त्या दोघांच्या मागं गेली.