चौथ्या ट्रॅकवरची मोजणी

दादा आयुष्यभर पंख्यांच्या मोटारी बांधत आला. संध्याकाळी हात धुतले की गाणी. एका कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येतील असं मशीन त्यानं हौसेनं घेतलं होतं. एकावर पेटी, एकावर ठेका, एकावर त्याचा आवाज. चौथ्यावर वहिनी. ती गायची नाही. नुसतं "एक, दोन, तीन, चार" म्हणायची, की दादा सुरू.

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा एकेका गाण्याच्या बारा कॅसेटी आणि ते मशीन पिशवीत घालून दादा माझ्याकडे आला. "कॉम्प्युटरवर उतरवून दे," एवढंच म्हणाला. का, ते सांगेल तर शपथ.

मी तीस वर्षं ऑफिसात फायली लावल्या. पसारा मला खपत नाही. प्रत्येक गाण्याला फोल्डर, प्रत्येक ट्रॅकला नंबर आणि नाव. सुरुवातीची खरखर, खोकला, मोजणी, सगळं कापलं. चौथा ट्रॅक पुढे रिकामाच, म्हणून तो उडवलाच. उतरवलेल्या कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. अकरा झाल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात दादाला ऐकायला बसवलं.

गाणं थेट पेटीवर सुरू झालं. दादानं मागे नेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हिची मोजणी कुठाय?"

मी काय केलं ते सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये गं," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी शहाणी मी, पण एका शब्दानं विचारलं नव्हतं.

एकच कॅसेट उरली होती, तीही अडकत होती. पेन्सिल घालून मी फीत हळूहळू फिरवली, मशीन कापसानं पुसलं आणि चारही ट्रॅक उतरवले. मग चौथा लावला. बराच वेळ नुसती खरखर. दादा माझ्याकडे बघेना.

"झालं का तुमचं? एकदोनतीनचार."

दादानं ते सात वेळा ऐकलं. मग म्हणाला, "हेच सगळ्या गाण्यांच्या आधी लाव."

"अरे, प्रत्येक गाण्याचा वेग वेगळा. जुळायचं नाही ते."

"ती कधी जुळवून मोजायची? तिला कायम घाई. मागून गाठायचो मीच."

मी एकेक फाइल उघडली आणि अकराही गाण्यांच्या आधी वहिनीला बसवलं.