खुणेवरचा गंज

फिटरभाऊंचा चकचकीत वस्तूंवर विश्वास नव्हता. नवी मोटार दिसली की ते वाकून तिच्या दाराखालची कड बघत. नव्या कपात चहा दिला तर आधी कपाचा वास घेत. माणूस फारच इस्त्री करून आला असेल तर त्याला दारातच थांबवून, "काय काम काढलं?" असं विचारत. मी पहिल्यांदा त्यांच्या खंडाळ्याच्या घरी गेलो तेव्हा माझा शर्ट नेमका त्याच सकाळी इस्त्रीवाल्याकडून आला होता.

मला त्या स्वागताचं वाईट वाटलं नाही. मी स्वतः विम्याचे दावे तपासण्यात आयुष्य काढलेला माणूस. समोरचा अगदी खरं बोलतोय असं वाटायला लागलं की मी जास्त सावध होतो. निवृत्तीनंतर लोणावळ्यात राहायला आलो आणि मला छोट्या आगगाड्यांचा नाद लागला. एका खोलीत रूळ मांडले, बोगदा केला, स्टेशन केलं. पण पेटीतून काढलेलं वीतभर इंजिन त्यावर धावू लागलं की सगळं खेळणंच वाटायचं. माझ्यासारख्याच नादिष्ट दोघा मित्रांनी सांगितलं, इंजिन फिटरभाऊंकडे द्या, ते मळवून देतील, मग खऱ्यासारखं दिसेल.

मळवून देणं हीच त्यांची कला. भाऊ मूळचे औंढ्याचे, पण नोकरी सगळी रेल्वेत झाली. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती त्यांनी जन्मभर केली. आता ते जुन्या बोल्टांवरचा खरा गंज खरवडून, कुटून बाटलीत भरून ठेवत. चुलीची काजळी, खडूची पूड, घाटातली लाल माती अशा बाटल्यांनी त्यांची फळी भरलेली होती. एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी वाचून कोणी कृती उचलली तर, अशी त्यांना धास्ती. सगळ्या घरात स्वच्छ पुसलेली वस्तू एकच, कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती.

गाडी हातात घेतली की त्यांची उलटतपासणी सुरू व्हायची. "ही ऱ्हाती कुटं? करती काय?" मालडबा आहे एवढं सांगून भागत नसे. तो घाट उतरतो की सपाटीवरच फिरतो, हे मालकाला ठाऊक हवं. घाट उतरणाऱ्या डब्याच्या चाकापाशी ब्रेकची तांबूस भुकटी बसते, सपाटीवरच्याला तेवढी नसते. मी एकदा मोबाइलवरचा फोटो पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. फोटोतला गंज कुणी लावलाय ते काय माहीत, म्हणाले. माझ्या नोकरीत असा एक माणूस हाताखाली असता तर मी सुखी झालो असतो.

आता माझ्या लबाडीकडे येतो. माझ्याकडे एक पितळेचं इंजिन होतं, एका कारागिराने हाताने घडवलेलं. माझी बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने ते माझ्यासाठी बनवून घेतलं होतं. तसं दुसरं मिळणं कठीण होतं, आणि भाऊ काम करताना खोलीत कुणालाही थांबू देत नसत. दार लावून घेत. बंद दारामागे काय चालतं, या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी झालेली. म्हणून इंजिन देण्याआधी मी सुईने त्याच्या पोटाशी दोन बारीक रेघा ओढल्या. रंग निघून आतलं पितळ पिवळं चमकलं. इंजिन बदललं तर ओळखता यावं, एवढाच हेतू.

दोन महिन्यांनी इंजिन परत आलं. पुढून-मागून काजळलेलं, रेटा देणारं तोंड जास्त झिजलेलं, पायऱ्यांवर बुटांची माती. खेळणं मुळी उरलंच नव्हतं. मी घरी आणून ते उलटं केलं. पिवळी खूण कुठेच नव्हती.

मी भाऊंना एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं. त्याऐवजी त्या दोन मित्रांना फोन करून माझा संशय सांगितला. दोघांनीही आपापल्या गाड्या भाऊंकडून अर्धवट कामासकट परत नेल्या. भाऊंनी काही न विचारता त्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, असं मला नंतर कळलं. पुढे वर्षभर त्यांच्याकडे कुणी काम नेलं नाही.

मग एकदा इंजिनाचं चाक अडलं म्हणून मी भिंग घेऊन बसलो. पोटाशी दोन बारीक तांबूस रेघा दिसल्या. माझ्याच रेघा, त्याच जागी. त्यांच्यावर गंज चढवलेला होता, कडेने एक ओघळसुद्धा खाली उतरवला होता. मी वर्षभर पिवळं शोधत होतो. माझ्या बायकोची आठवण माझ्या हातात सुखरूप होती आणि एका सज्जन माणसाला मी चोर ठरवलं होतं. मला स्वतःची शरम वाटली.

तसाच खंडाळ्याला गेलो. सगळं कबूल केलं. भाऊ ओट्यावर बसून होते.

"खूण मी पयल्याच दिवशी बघितली," ते म्हणाले. "खरं इंजिन लोखंडाचं आसतंय. लोखंडाचा ओरखडा पिवळा दिसंल व्हय? म्हनून गंजवला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी तरी कुटं बोलला?"

मी माफी मागितली आणि ती खूण पुसून देता का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. "जुनं करायचं काम माजं. नवं करून देनं मला जमत न्हाई."

त्या दोन मित्रांकडे जाऊन मी खरं काय ते सांगितलं. ते काम भाऊंपुढे उभं राहण्यापेक्षा अवघड गेलं. हळूहळू गाड्या पुन्हा येऊ लागल्या. मी काही घेऊन गेलो की मात्र भाऊ हात पुढे करण्याआधी विचारत, "खूण केली का? मंग ठिवा." हसत नसत. ते चिडवतात की खरंच विचारतात, हे मला कधी कळलं नाही, आणि तसं विचारायचा त्यांना हक्कच आहे असं मला वाटायचं. खुणा करणं मी केव्हाच सोडलं होतं.

यंदा उन्हाळ्यात भाऊ गेले. पंधरवड्याने त्यांची मुलगी माझा शेवटचा मालडबा घेऊन आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चाकापाशी ब्रेकची तांबूस भुकटी होती. मी सवयीने डबा उलटा केला. पोटाशी दोन बारीक गंजलेल्या रेघा होत्या.

मी मुलीकडे बघितलं.

"बाबांनी निरोप दिलता," ती म्हणाली. "'सायेब या वेळेला खूण करायला इसरलेत. घरी जाऊन त्यांना झोप लागायची न्हाई, म्हनून मीच केली.'"